शेवंतीचा लाल गोंडा

इंदुरीच्या नूरमहंमदला कुणी घोडेवाला म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. "घोडी भाड्यानं न्हाई देत मी, नवरदेव मिरवतो," असं ठासून सांगायचा. आता या माणसाला काय म्हणावं! पण त्याच्या शेवंतीइतकी पांढरीशुभ्र घोडी साऱ्या मावळात दुसरी नव्हती, हेही खरंच. इंदुरीपासून भाज्यापर्यंत कितीतरी नवरदेव तिच्या पाठीवरनं मांडवात गेले. अलीकडं लोणावळ्याच्या रिसॉर्टवरची लग्नंही मिळायला लागली होती, म्हणून स्वारी जरा जास्तच ताठली होती.

घोडी सजवायचं काम तो कुणाच्या हाती देत नसे. कपाळावर कलगी, गळ्यात घुंगरांची माळ, पाठीवर जरीची झूल आणि शेवटी शेपटीच्या मुळाशी बांधलेला लाल गोंडा. खरारा आणि आंघोळ तेवढी सुनेकडं, शहिस्ताकडं असायची.

त्यामुळं पहिल्यांदा कळलं ते शहिस्तालाच. दिवाळी नुकतीच झाली होती. घोडी धुता धुता तिनं हाक मारली, "अब्बा, जरा हितं बघा. शेपटीखाली काळी गाठ लागतीय हाताला. वाटाण्याएवढी."

नूरमहंमद जागचा हलला नाही. "दुमची घासली असंल." खोगीर पुढं सरकू नये म्हणून शेपटीखालून पट्टा घेतात, ती दुमची.

"घासलं असतं तर कातडी सोलली असती. हिला तर दुखत बी न्हाई. डॉक्टरला दाखवू या का?"

झालं! नूरमहंमद भडकला. "मिसरूड फुटायच्या आधीपासनं घोडी राखतोय मी. काल आलेली पोरगी मला शिकवणार? माहेरी तुझ्या शेळी तरी होती का?" त्यानंतर घोडीबद्दल शहिस्तानं चकार शब्द काढला नाही.

त्यानं दुमचीला मऊ फडकं गुंडाळलं, गाठीला हळद-तेल लावलं आणि विषय मिटवला. म्हणजे मिटवला असं आपण म्हणायचं. लगीनसराईत एकदा त्यानं स्वतः शेपटी उचलून पाहिली होती. एकीच्या तीन झाल्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी लोणावळ्याची वरात, आणि तिथल्या लोकांना फोटोत घोडीवर डाग चालत नाही. मग या शहाण्यानं काय करावं? गोंडा मोठा केला! वरातीत सगळ्यांनी गोंड्याचं कौतुक केलं आणि यानं ते निमूट ऐकून घेतलं.

उन्हाळ्यात शेवंती शेपटी एका बाजूला धरायला लागली. लीद टाकताना कण्हायची, दाण्याची चंदी अर्धी तशीच ठेवायची. ऊन बाधलं असेल, असं नूरमहंमदनं मनाला सांगितलं.

मग गावातल्याच रखमाजीच्या पोराची, कैलासची वरात निघाली. नवरदेव वर बसलेला, पुढं बँजो चालू, आणि शेवंती मध्येच थांबली. गोंडा लाल, त्यामुळं आधी कुणाला काही दिसलं नाही. पांढऱ्या मांडीवर ओघळ आला तेव्हा कळलं की रक्त येतंय. रखमाजी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "नूरभाऊ, तिला घरी न्या. कैलास चालत यील." त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, असं नूरमहंमदला वाटलं.

दुसऱ्या दिवशी तळेगावच्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. शहिस्तानं घोडीचा लगाम धरला. बाईंनी शेपटी उचलली आणि बराच वेळ तपासत राहिल्या. "कॅन्सर आहे हा. पांढऱ्या घोड्यांना अशा काळ्या गाठी येतात. दुखत नाहीत, म्हणून लोक सोडून देतात. गाठ लहान असताना काढता आली असती. आता आतपर्यंत गेलंय. त्रास कमी करू, पण बरी नाही होणार ती. पहिली गाठ कधी दिसली?"

नूरमहंमदनं तोंड उघडायच्या आतच शहिस्ता म्हणाली, "ध्यानात न्हाई, मॅडम."

सून त्याची अब्रू झाकत होती. मुस्काटात बसल्यासारखं झालं त्याला. "खोटं बोलतीय ती," तो कसाबसा म्हणाला. "दिवाळीतच सांगितलं व्हतं हिनं. मी ऐकलं न्हाई. वर गोंडा बांधून झाकत राहिलो."

बाईंनी शेपटी सोडली आणि विचारलं, "आणखी कुठं गाठ लागते का?"

नूरमहंमदला खरंच ठाऊक नव्हतं. तो सुनेकडं वळला. "तू सांग, पोरी."

शहिस्तानं मानेवरची आयाळ बाजूला केली, त्याचा हात धरला आणि शेवंतीच्या कानाखाली नेऊन ठेवला. तिथं सुपारीएवढी टणक गाठ होती.

"होळीपासनं हाय," ती म्हणाली. "तुमी वरडाल म्हणून बोलले न्हाई."