जामसंड्याचं बाकडं

सांगावं की नाही, हे माझं अजून ठरलेलं नाही. पण तुम्ही नेमके त्याच बाकड्यावर बसलात आणि चहाही आलाय. आता माझी फजिती ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही, आणि सांगितल्याशिवाय माझी.

मी तेव्हा मुंबईहून अर्थशास्त्रात एम. ए. होऊन मालवणजवळच्या आमच्या गावी आलो होतो. जूनपासून कॉलेजात शिकवायला जायचं ठरलं होतं, तोवर घरीच. वडील मुंबईला नोकरीत. घरी आई आणि मी. आणि मी म्हणजे तरी किती? सदरा खुंटीवर जसा दिसायचा तसाच माझ्या अंगावर दिसायचा. वारा सुटला की आई मला बंदरावर पाठवत नसे. हे मी वाढवून सांगत असेन. पण थोडंच.

दिवाळीनंतर आम्ही जामसंड्याला मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील तात्या. कलमांची मोठी बाग, आणि आवाज बागेच्या या टोकाहून त्या टोकाला पोचणारा. आम्ही ओटीवर बसणार तोच तिथे ऊन आलं. तात्या सहज म्हणाले, "ता बाकडा वायच सावलीत ओढा."

मी लगबगीने पुढे झालो. फणसाच्या लाकडाचं बाकडं होतं. मी ओढलं. बाकडं जागेवर राहिलं आणि मी त्याच्याकडे सरकलो. पुन्हा ओढलं, पुन्हा सरकलो. आणखी एकदा ओढलं असतं तर मी बाकड्याखाली गेलो असतो.

तेवढ्यात मुलगी बाहेर आली. सुमती. एका हातात पोह्यांचं तबक. तिने माझ्याकडे पाहिलं, बाकड्याकडे पाहिलं, आणि मोकळ्या हाताने ते धरून सरळ सावलीत नेलं. पोह्यांवरचं खोबरंही हललं नाही. मग एवढंच म्हणाली, "बसा."

मी बसलो. आणि अहो, तिथेच संपलं. लग्न करीन तर हिच्याशीच.

निघताना तात्या आईला म्हणाले, "वयनी, पोरगो हुशार आसा. पन आमच्याकडे वारो लय. शिमगो झाल्यार काय ता सांगतंय. तवसर तेका वायच खाऊक घाला."

परतीच्या एस. टी. त आईने तिकिटं पदराच्या टोकाला बांधली. मग म्हणाली, "मी काय तुका उपाशी ठेवतंय रे?"

हे वाक्य लक्षात ठेवा.

आता शिमग्यापर्यंत शरीर कमवायचं होतं. होस्टेलात माझ्या खोलीत कोल्हापूरचा एक मुलगा असे. त्याचे दंड म्हणजे सोललेले नारळ. व्यायामाचं त्याचं शास्त्र मला तोंडपाठ होतं: दोर ओढा, कच्ची अंडी प्या, भिजवलेले चणे खा. ऐकताना मी हसायचो. आता तेच माझं क्रमिक पुस्तक झालं.

दोर कुठे मिळणार? आमच्या गावात तालीम नव्हती, पण रापण होती. पहाटे होडी समुद्रात जाळं अर्धगोल टाकून येते, त्याच्या दोन बाजूंच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि माणसं दोन रांगांनी ते सगळं ओढून वाळूवर आणतात. ज्याने दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा. मग तो कुणी का असेना. हा तिथला नियम. मला वाट्याशी कर्तव्य नव्हतं. मला दोरी हवी होती.

रापणीचा प्रमुख बाबी तांडेल. उभा राहिला की त्याच्या सावलीत मी अख्खा मावायचो. पहिल्या दिवशी मला दोरीजवळ बघून तो थांबला.

"वसंता, तू खंय रे हय?"

"ओढूक इलंय, काका."

"तू? एम. ए. झालंस ना?"

आता काय सांगणार? मुलीसाठी दंड काढायचेत म्हणून? मी मान खाली घातली.

बाबीकाकाने माझ्याकडे बघितलं. खपाटीला गेलेल्या पोटाकडेही. मग घसा खाकरून रांगेला म्हणाला, "हेका शेवटाक जागा देवा. आनी कोनी कायएक इचारूचा नाय." आणि खरोखर कुणी काही विचारलं नाही. रांगेतली गाणी, शिव्या, थट्टा सगळं चालू होतं, पण माझ्या वाटेला कुणी गेलं नाही. मला वाटलं, शिक्षणाला काय मान आहे आपल्याकडे.

वाटे पडले. मी म्हटलं, मला नको.

"नाय म्हणूचा नाय," बाबीकाका म्हणाला. "दोरीक हात लायल्यान तेचो वाटो. हेच्यात लाज कसली?"

मी बांगडे घेऊन घरी गेलो. आई खूश झाली. आठवडाभराने बघतो तर इतरांच्या वाट्याला बारक्या, स्वस्तातल्या तारल्या आणि माझ्या वाट्याला बांगडे. पुढे इतरांना बांगडे आणि मला, एक दिवस, इसवण. इसवण म्हणजे सुरमई. मी अर्थशास्त्राचा माणूस. लगेच अनुमान काढलं: ज्याचा जोर वाढतो त्याचा वाटा वाढतो. माझी प्रगती त्या अडाणी वाटणाऱ्यांच्याही लक्षात आली होती. अडाणी हा शब्द मी तेव्हा मनात वापरला. आता तो कुणाला लावायचा ते तुम्ही ठरवा.

अंड्यांचा प्रश्न निराळा. आईच्या चुलीवर मासे चालत, अंडं चालत नसे. आमच्या कुंपणापलीकडे मारीबाय राहायची. तिच्या कोंबड्या आमच्याच परसात अंडी घालून जायच्या, इतका घरोबा. रापणीवरून येताना मी तिच्या मागच्या दाराशी गेलो आणि हळू आवाजात अंडी मागितली.

"आये खंय आसा?" तिने विचारलं.

"तिला सांगू नको."

तिचा चेहरा बदलला. आतून अंडी आणली. "बस हय. शिजवन दितंय."

"नको, असंच."

मी तिथेच उभ्याने फोडून प्यालो. एक, मग दुसरं. मारीबायने छातीवर क्रूस केला. डोळ्यांत पाणी. "शिजासर सुदीक दम नाय रे पोराक," असं काहीतरी पुटपुटली आणि गरम पाव, वर गूळखोबरं घालून पुढ्यात ठेवलं. मी तेही खाल्लं. व्यायामाने भूक लागते, हे त्या कोल्हापूरकराने सांगितलंच होतं. दुसऱ्या दिवसापासून ती दारात वाटच बघत बसायची. पैसे पुढे केले की माझा हात मिटून परत करायची. "ठेव. आयेक लागतले."

मला वाटलं, शरीर कमावणाऱ्या तरुणाचं बायकांना कौतुक असतं.

चणे मी खिशात ठेवायचो. भिजवलेले. खिसा कायम ओला. देवळात, पारावर, पोस्टात, कुठेही उभा असलो की हात खिशात आणि तोंड चालू. आणि काय सांगू, गाव कसं पाघळलं! ज्या दारावरून जाईन तिथून हाक. "वसंता, घावने काढलेत, ये." "वसंता, पेज घे मरे वायच." कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, शहाळी. मी कुणाचं मन मोडलं नाही. कधी कोण मागच्या दारी नारळ ठेवून जाई. आईला वाटे, देवस्थानचा नारळ कुणीतरी आणून ठेवला.

आणि खोटं कशाला सांगू, अंग धरलं. गालांचे खड्डे बुजले. सदऱ्याची बटणं ताणली जाऊ लागली. दंड वळवला की तिथे लिंबाएवढं काहीतरी वर यायचं. ते आहे की मला भास होतो म्हणून मी दिवसातून पुष्कळदा तपासायचो.

शिमगा झाला. एका सकाळी मी मारीबायकडून ओठ पुसत घरी येतो तर ओटीवर तात्या. एकटेच. सोयरीक जुळवण्याआधी गावात चौकशी करायची रीत, तशी ते आधी किनाऱ्यावर करून आले होते. आणि तात्या, तो कडाडणारा माणूस, उपरण्याने डोळे टिपत होता.

मी घाईने बाह्या वर सारल्या आणि दंड दिसेल असा खांबाला टेकून उभा राहिलो. त्यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वयनी," ते आईला म्हणाले, "लाजूचा काय कारण नाय. माका सगळा समाजला."

"काय समाजला?" आई म्हणाली.

"घरची परिस्थिती. बाबी तांडेलान सांगल्यान. मुंबयचे पैशे येवचे बंद झाले, तां."

"कोनाचे?"

"आनी हो पोरगो, एम. ए. झालेलो, आवशीक पोसूक पहाटेचो दोरी ओढता. गावान आपल्या पोटातलो घास काढून दिल्यान, पन हेच्या तोंडासमोर कोन एक अक्षर बोलूक नाय. वयनी, अंगान बारीक आसात, पन काळीज मोठा आसा. माका पोरगो पसंत. लग्नाचो खर्च आमचो."

आईच्या मागे कोठीघर होतं. त्यात तांदळाची कणगी गळ्यापर्यंत भरलेली. आईने एकदा कणगीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हळूच म्हणाली, "वसंता, आत ये."

आत ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी तुका उपाशी ठेवलंय?" तिने विचारलं. "मारीबाय इतके म्हयने माका बगून डोळे पुसता. माका वाटला तिच्या डोळ्यांक काय झाला."

आता बघा माझी अवस्था. गप्प बसलो तर सुमती मिळते आणि आईची गावात मान खाली जाते. बोललो तर आईची मान वर राहते आणि सुमती जाते. मी जन्माचा भित्रा. आजही एस. टी. सुटण्याआधी तासभर स्टँडवर जाऊन बसतो. पण आई माझ्याकडे बघत होती. मी बाहेर गेलो.

मी घाबरलो की माझ्या तोंडून छापील मराठी येते. "तात्यासाहेब, गैरसमज झाला आहे. आमच्याकडे अन्नधान्य मुबलक आहे. मी दोरी ओढली ती दंड वाढावेत म्हणून."

"दंड?"

"आपल्या कन्येने बाकडं उचललं. माझ्याने ते हललं नव्हतं."

तात्यांनी आता प्रथमच माझा दंड पाहिला. बराच वेळ पाहिला, कारण शोधावा लागला. "म्हणजे ह्या सगळा सुमतीसाठी?"

"होय."

त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. चपला घातल्या. पायरीवरून म्हणाले, "तिका इचारून सांगतंय." आणि गेले.

मी तसाच किनाऱ्यावर गेलो. बाबीकाका जाळं सुकवत होता. त्याला सगळं सांगितलं, क्षमा मागितली, त्याचे वाटे खाल्ले म्हणून. तो हसेल असं वाटलं होतं. पण त्याने आधी मोठा श्वास सोडला. "म्हणजे तुमच्या घराक चूल पेटता ना?"

"रोज."

"मगे बरा झाला. जीवार इलेला माझ्या."

मग हसला. जाळ्यावर बसून हसला. मी म्हटलं, काका, वाट्यांचं काय करू? निदान तेवढं काम तरी केलं की मी, दोरी ओढली.

"तू?" तो डोळे पुसत म्हणाला. "मेल्या, तू दोरयेक लोंबकळी हुतंस. दोन येळा तर वाळूत निजलंस आनी दोरी सोडूक नाय. रापणीवांगडा आमी तुकाय ओढून काढी हुतो."

म्हणजे माझ्या अंगावरचं सगळं मांस गावाने चढवलं, आणि ते मांसही गावानेच रोज ओढलं. मला राग यायला हवा होता. आला नाही. माणसं इतकी मोठी असू शकतात, हे मला एम. ए. ला कुणी शिकवलं नव्हतं.

चार-पाच दिवसांनी जामसंड्याहून निरोप आला. सुमतीचा. "बाकडा हलवन दाखवा म्हणता."

मी गेलो. ओटीवर तेच बाकडं, तेच ऊन, तात्या, आई, शेजारपाजार. बाबीकाकाच्या बोलण्याने माझा उरलासुरला जोर गेला होता. मी डोळे घट्ट मिटले, बाकडं धरलं, आणि ओढलं. ते हललं. अहो, सरसर आलं! मी मागे मागे जात थेट सावलीत पोचलो. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. छाती फुगवून डोळे उघडले.

दुसऱ्या टोकाला सुमती. पदर खोचलेला, दोन्ही हात बाकड्याखाली.

"बसा," ती म्हणाली.

लग्नात तात्यांनी हे बाकडं आंदण दिलं. त्या दिवसापासून ते आमच्या ओटीवर आहे. मी रोज व्यायाम करतो, अजूनही. चणेही खातो, आता दातांना झेपतील तेवढे.

चहा झाला असेल तर जरा उठता का? ऊन आलं तुमच्यावर, बाकडं आत घ्यायला हवं. नाही, तुम्ही नका हात लावू, मीच घेतो.

फक्त थोडं थांबा. ती येऊ दे.