कुत्री उठली तिथं गोष्ट संपली

माझी प्रत्येक गोष्ट सगळ्यात आधी आमची कुत्री ऐकते. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत ट्यूशनला येणाऱ्या पोरांच्या गाड्यांखाली सापडायच्या आत सासूबाईंनी तिला उचलून घरी आणलं, तेव्हा ती ओंजळीत मावत होती. आता माझं टेबल तिचं आहे, मी तिथं लिहायला येते एवढंच. लिहिलेलं मी मोठ्यानं वाचते, ती पायाशी पडून ऐकते आणि ज्या ओळीला उठून पाण्याच्या भांड्याकडे जाते, तिथून पुढचं मी खोडून टाकते. नवऱ्याला हा वेडेपणा वाटतो. वाटो बापडा.

असंच उठून जाणारं दुसरं माणूस म्हणजे अकोल्याचे माझे बाबा. कीर्तन असो, सत्कार असो, सख्ख्या भाच्याच्या लग्नातली मंगलाष्टकं असोत, कंटाळा आला की त्यांचे पाय खुर्चीखाली चपला चाचपडू लागतात. चपला सापडल्या की बाबा गायब. माझ्या गोष्टी छापून यायला लागल्या, परक्यांनी फोन करून कौतुक केलं, पण बाबांनी एकही वाचली नाही. "चष्मा बदलला का वाचतो ना बाई," म्हणायचे. चष्मे बदलत राहिले, गोष्टी तशाच राहिल्या. मला त्याचं वाईट वाटायचं, फार वाटायचं.

म्हणून अकोल्याच्या एका वाचनालयानं कथाकथनाला बोलावलं, तेव्हा पहिला फोन बाबांना केला. वाचायचं नाही, फक्त बसून ऐकायचं होतं. ते म्हणाले, "हाव, येतो. पण त्याच दिवशी वावरात रोडगे करू. मी गोवऱ्या पेटवूनच येतो. इस्तो पडला का मले जा लागते, सांगून ठेवतो."

रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे. गोवऱ्या जळून इस्तो पडला, म्हणजे निखारे झाले, की त्यांत भाजायचे, राख झटकायची, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीशी खायचे. निखारे थंड झाले की सगळा खेळ संपला. म्हणजे आता माझी स्पर्धा गोवऱ्यांशी होती.

मला एकटीनं बसनं जायचं होतं. पण आमच्याकडे एकटं जातं कोण? "जायचं तं सगळ्यायनं जायचं," सासूबाई म्हणाल्या आणि वांगी, तुपाचा डबा, कुत्रीची सतरंजी असं सगळं गाडीत भरलं. नवरा गाडी चालवत होता, कुत्री सासूबाईंच्या मांडीवरून खिडकीबाहेर तोंड काढून बसली होती. मूर्तिजापूरला चहाला थांबलो, तेव्हा मी पुढच्या सीटवर गोष्टीचा नवा शेवट पाठ करत होते.

गोष्ट आमचीच होती. वाघ बघायला आम्ही सेमाडोहला गेलो, कुत्रीलाही नेलं आणि जंगलात कुत्रा चालत नाही हे फाटकावर पोचल्यावर कळलं. मग तिच्याजवळ थांबायचं कोणी यावरून आमच्यात असं भांडण जुंपलं की शेवटी कोणीच आत गेलं नाही. वाघाची वाट पाहायच्या ऐवजी सगळ्यांनी फाटकाबाहेर बसून डबे संपवले. गोष्ट तिथंच संपत होती. पण संयोजकांचा फोन आला, "ताई, शेवटी काही संदेश येऊ द्या." म्हणून निघायच्या आदल्या दिवशी मी मानव आणि निसर्ग यांच्या नात्यावर चांगली दोन पानं जोडली. घाईत ती कुत्रीला वाचून दाखवायची राहिली.

सभागृह भरलं होतं. बाबा पहिल्या रांगेत, चपला काढून, दाराकडे तोंड करून बसलेले. सासूबाई कुत्रीला घेऊन मागच्या दारापाशी. मी उभी राहिले. पहिली ओळ अशी काही म्हटली की ती माझी मलाच ऐकू आली नाही. दुसरी जरा मोठ्यानं म्हटली, तर मागून धडपड ऐकू आली. माझा आवाज ओळखून कुत्री दोरीसकट निघाली होती. खुर्च्यांमधून वाट काढत ती थेट मंचावर आली आणि माझ्या पायाशी पडली. एक गृहस्थ तिला हाकलायला उठले. मागून सासूबाई ओरडल्या, "राहू द्या हो! तिले सवय आहे!"

सभागृह हसलं आणि माझी भीती पळाली. मग मी घरी वाचते तशी वाचत सुटले. फाटकावरच्या भांडणाला लोक डोळे पुसत हसले. बाबा हसताना मला दिसले. आणि मी नव्या शेवटाला हात घातला, "खरं तर मानव आणि निसर्ग यांचं नातं..."

कुत्री उठली.

मी बाबांकडे पाहिलं. त्यांचा एक पाय चपलेत होता, दुसरा चाचपडत होता.

मी कागद मिटले. "फाटकाबाहेर आमचे डबे संपले," मी म्हटलं, "आणि गोष्टही संपली." मग टाळ्या पडल्या, आणि अशा पडल्या की कुत्री घाबरून माझ्या साडीमागं लपली. बाबा एक चप्पल घातलेल्या अवस्थेत उभे राहून टाळ्या वाजवत होते.

त्यानंतरही ते गेले नाहीत. दारात उभे राहून, येईल त्याला "पोरगी आहे माही" सांगत राहिले. संयोजकांनाही सांगितलं. संदेशाचं नाव मग कोणीच काढलं नाही.

वावरात पोचलो तेव्हा चुलाणात नुसती राख होती. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "तुह्या गोष्टीपायी इस्तो गेला पाह्य," बाबा मला म्हणाले, पण आवाजात राग औषधालाही नव्हता. त्यांनी नव्या गोवऱ्या रचून पेटवल्या. मग चपला काढल्या, लांब लिंबाच्या बुडाशी भिरकावल्या आणि मांडी घालून बसले.

"इस्तो पडाले टाइम आहे," ते म्हणाले. "दुसरी सांग."

कुत्री पायाशी येऊन पडली, आणि मी सुरू केलं.