जमा केलेलं रिव्हॉल्व्हर

“सांगू नका, हातात द्या.”

दुकानात आल्यावर ती पहिल्यांदा हेच म्हणाली, आणि नंतरही दरवेळी हेच. मी काचेच्या कपाटामागून माझं पाठ केलेलं भाषण सुरू करायचो, हे बत्तीस बोरचं, याचं वजन इतकं, नळी इतकी, आणि ती मधेच हात पुढं करायची. लेथवर काम करणाऱ्या माणसाचा हात तुम्ही पाहिला असेल. नखांच्या कडेला काळी रेघ असते, ती कुठल्याच साबणानं जात नाही. बाईचा तसा हात मी तोवर पाहिला नव्हता.

मी सांगलीतल्या एका बंदुकीच्या दुकानात कामाला आहे. त्याआधी सतरा वर्षं फौजेत काढली. नाईक म्हणून बाहेर पडलो, पण आमच्या सातारा जिल्ह्यात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यामुळं सांगलीतही मी मेजर झालो. हत्यारातलं मला कुणी शिकवावं हे मला खपत नसे. त्यात बाईनं तर नाहीच नाही.

ती मूळची कवठे महांकाळकडची. माहेरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लग्न होऊन कुपवाडला आली. नवऱ्याची तिथं एमआयडीसीत छोटी शेड होती, दोन लेथ आणि एक ड्रिल मशीन. नवरा वारला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता ही मशिनं विकून माहेरी जाणार. पण हिनं वर्षभरात लेथ शिकून घेतला आणि नवऱ्याची सगळी गिऱ्हाइकं टिकवली.

अडचण होती ती दिराची. शेड आपली आहे असं त्याचं म्हणणं. चार टाळकी घेऊन तो भर दिवसा शेडमध्ये शिरायचा, मेन स्विच पाडायचा आणि “शेड सोड, न्हाईतर बघ” म्हणून दम भरायचा. एकदा त्यानं तिच्या डोक्याशेजारी लोखंडी गज आपटला. तिनं पोलिसांत तक्रार केली. घरातलं भांडण म्हणून दोघांनाही समज देऊन परत पाठवलं. शेवटी ती शटर आतून लावून काम करायला लागली. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये, शटर लावून. कसं होत असेल ते तुम्हीच बघा.

शस्त्राच्या परवान्यासाठी तिनं दोन वर्षं खेटे घातले, चौकशांना तोंड दिलं, नेमबाजीचं शिक्षण घेतलं. परवाना हातात आल्यावर ती आमच्याकडं आली. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, “ताई, कशासाठी पाहिजे?”

“मला कुणाला मारायचं न्हाई, मेजर. शटर उघडं ठिवून काम करायचंय.”

मी मोठ्या ऐटीत सगळ्यात छोटं रिव्हॉल्व्हर काढलं. रिकामं आहे हे उघडून दाखवलं आणि म्हणालो, “हे घ्या. हलकं, पर्समध्ये बसणारं. बायका हेच नेतात.” ही निव्वळ थाप होती. आमच्याकडून तोवर दोनच बायकांसाठी हत्यार गेलं होतं, आणि दोन्ही वेळा ते त्यांच्या नवऱ्यांनी पसंत केलं होतं.

तिनं भिंतीकडं रोखून चाप ओढला आणि तोंड वाकडं केलं. “वजनाला हलकं हाय, पर चाप लय जड. ओढताना सगळा हात हालतोय. नेम कुठं ऱ्हायचा?”

मग मी पिस्तूल दिलं. त्याचा वरचा भाग मागं ओढावा लागतो, भल्याभल्यांना तो पहिल्यांदा जमत नाही. तिनं खटकन ओढला. मी तोंडात बोट घालायचा बाकी होतो. पण तेही तिनं परत केलं. “हाताला तेल असलं की सटकंल ह्ये. आन माझ्या हाताला कवा तेल नसतंय?”

पुढच्या वेळी ती पिशवीतून व्हर्निअर घेऊन आली. आमच्या मालकांच्या देखत तिनं चार रिव्हॉल्व्हरांच्या मुठी मोजल्या, मग स्वतःचा तळवा मोजला. मालक मला कोपरानं ढोसत होते. तिसऱ्या वेळी ती अंगावर कामाचा एप्रन आणि खांद्याला रोजची पर्स, अशी आली. “रोज जे अंगावर असतंय त्यातनंच काढून बघती,” म्हणाली. पर्समधून काढताना घोडा अस्तरात अडकला. तिनं तो सोडवला आणि म्हणाली, “मेले की हो मी.” मालकांसकट आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

असं करत करत तिनं एक बत्तीसचं, मध्यम आकाराचं रिव्हॉल्व्हर ठरवलं. खोक्यातून नवं कोरं काढून दिलं तर गोळ्या भरायचं चक्र तिनं दोन बोटांत धरून हलवलं. “आवं मेजर, ह्याला प्ले हाय, ढिलं हाय. दुसरं दाखवा.” मी म्हणालो, ताई, कारखान्यातून तपासून येतं. “तरीबी हाय.” मी चिडून बघितलं, तर खरंच होतं. केसाएवढं. सतरा वर्षं बंदुका उघडल्या-जोडल्या, आणि मला ते दिसलं नव्हतं. त्या दिवसापासून मी तिचे किस्से सगळ्यांना सांगायला लागलो. दुकानात कुणी आलं की, “आमच्याकडं एक बाई येते, व्हर्निअर घेऊन,” अशी माझी सुरुवात. हे किस्से सांगण्याबद्दल आता माझी मलाच चीड येते, पण त्याचं पुढं सांगतो.

तिनं एप्रनच्या आतून जाड कापडाचा खिसा शिवून घेतला. महिन्याभरानं मी कामानिमित्त कुपवाडला गेलो तेव्हा मुद्दाम तिच्या शेडवरून गेलो. शटर पूर्ण वर होतं. ती लेथवर, आणि नववीतली मुलगी दारातल्या उजेडात बसून गणितं सोडवत होती. मी विचारलं, “दीर?”

“येऊन गेला. रस्त्याव हुभा ऱ्हाऊन बघितलं आन गेला.”

“त्याला दाखवलं का?”

“छ्या! माझ्यापाशी हाय ह्ये त्यला कळलंय. तेवढं बास.”

तिचा तो चेहरा मला अजून दिसतो. फार खुशीत होती.

पुढं निवडणूक लागली. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, पोलीस ठाण्यात नाहीतर आमच्यासारख्या दुकानात. त्या आठवड्यात आमच्याकडं जत्रा असते. शंभर बंदुका, शंभर चिठ्ठ्या, पावत्या, सह्या. त्या गर्दीत ती नोटीस घेऊन उभी होती.

“ठिवायलाच पायजे का मेजर? दुसरा काय मार्ग न्हाई?”

मी पावती फाडत होतो. मान वर न करता म्हणालो, “नियम आहे ताई. भल्याभल्यांची जमा होतात. दीड महिन्याचा तर प्रश्न. आणि निवडणुकीत कोपऱ्याकोपऱ्यावर बंदोबस्त असतो, कोण येतंय तुमच्याकडं?”

तिनं नोटीस घडी करून पर्समध्ये घातली. मग तिनं एप्रनमधून रिव्हॉल्व्हर काढून माझ्यापुढं ठेवलं, गोळ्या मोजून दिल्या, सही केली आणि गेली.

मार्ग होता. जिवाला धोका असेल तर सूट मागता येते. अर्ज करायचा, आधीच्या तक्रारींच्या नकला जोडायच्या, वरून निर्णय होतो. तिच्याकडं तर तक्रारींची थप्पी होती. त्याच आठवड्यात एका बँकेच्या दोन रखवालदारांचे अर्ज मी स्वतःच्या हातानं भरून दिले होते. तिचा का भरला नाही? गर्दी होती हे खरं. पण खरं कारण ते नव्हे, आणि ते मी आज तुमच्यापुढं कबूल करतो. तिला धोका आहे हे मी मनातून कधी धरलंच नव्हतं. मला ती गमतीची वाटायची, कौतुकाची वाटायची. बाईमाणूस आहे, जवळ असलं की मनाला बरं वाटतं, एवढीच त्या हत्याराची माझ्या लेखी किंमत होती.

हत्यारं जमा होतात हे जसं मला ठाऊक, तसं तिच्या दिरालाही ठाऊक.

निकालानंतर दहाएक दिवसांनी ती आली. सोबत मुलगी होती. मी रिव्हॉल्व्हर काढलं, पुसलं, पुढं ठेवलं. तिनं हात लावला नाही.

“ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. इकायचं हाय.”

मी चमकलो. म्हणालो, का हो?

तिनं सांगितलं. हत्यार जमा केल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशीच दीर आपली टाळकी घेऊन आला. दुपारी. बंदोबस्तावरची माणसं सभेकडं गेलेली. आत आल्या आल्या त्यानं शटर खाली ओढलं. कागद तयार करूनच आणला होता, शेडवरचा हक्क सोडल्याचा. मुलगी शाळेतून नुकतीच आली होती. त्यांतला एक जण गज घेऊन मुलीच्या मागं जाऊन उभा राहिला.

“मी एकली असती तर सही दिली नसती, मेजर.”

मुलगी खाली बघत होती. कोर्टात जाता येईल, दमदाटीनं घेतलेली सही टिकत नाही, असं मी काहीबाही बोललो. ती म्हणाली, “वकील बगितलाय. चालंल तवा चालंल. तवर पोटाला पायजे. साताऱ्याला एका कंपनीत लेथवर काम मिळालंय. तिथं गेटवर रखवालदार असतोय, मला ह्याचा काय उपेग?”

आता गप्प बसलो असतो तर तिला कधीच कळलं नसतं. पण मला राहवेना. म्हणालो, “ताई, तेव्हा एक अर्ज करता आला असता. हे तुमच्याजवळच ठेवायचा.”

तिनं माझ्याकडं बघितलं. “तवा ठाऊक हुता तुमाला?”

“होय.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. जमा केल्याची पावती तिनं नीट घडी उलगडून काचेवर ठेवली आणि म्हणाली, “मी इचारलं हुतं तुमाला.”

विक्रीच्या कागदांवर सह्या केल्या. मुलीचा हात धरला. दाराशी जाऊन ती थांबली आणि वळली. मी काहीतरी बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. चूक झाली, एवढे दोन शब्द तोंडाशी आले होते. आणि मी म्हणालो, “ताई, उभ्या उभ्या जाऊ नका, चहा सांगतो.”

ती नको म्हणाली नाही. नुसती गेली.