दादा गाडी बाजूला घ्यायचा

त्या दिवशी शाळेत मधली सुट्टी संपता संपता वहिनीचा फोन आला. दादा सकाळी पावसच्या बाजूला गेला होता, जेवायला येतो म्हणाला होता, आणि आता फोन उचलत नव्हता. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "गाडी चालवत असतील गो." ते ती मला सांगत नव्हती, स्वतःला सांगत होती. मीही म्हटलं, तसंच असेल. दादाने फोन उचलला नाही याचा आमच्या घरात तेवढाच अर्थ होता. रस्त्याला जागा मिळाली की गाडी बाजूला घेईल आणि उलटा फोन करील... मी वर्गावर गेले. मुलींना काय शिकवलं ते आता आठवत नाही. पर्समधल्या फोनकडे मात्र सारखं लक्ष होतं. शाळा सुटताना पुन्हा वहिनीचा फोन आला. शेजारच्या काकूंनी तिच्या हातातून फोन घेतला आणि मला सांगितलं. गोळपच्या सड्यावर, वरच्या उघड्या माळावर, दादाची व्हॅन रस्त्याच्या कडेला उभी होती. हँडब्रेक ओढलेला, बाजूचा दिवा लुकलुकत होता, आणि दादा सीटवर मान टाकून बसलेला. हृदय बंद पडलं होतं. जाणारे-येणारे बघत होते, डॉक्टर फोनवर बोलायला थांबलेत असं समजून पुढे जात होते. सगळ्या तालुक्याला त्याची ती सवय माहीत होती.

माझा भाऊ श्रीधर गुरांचा डॉक्टर. सरकारी नोकरीत होता, मग ती सोडून त्याने स्वतःचं काम सुरू केलं. म्हशीला तपासताना तिच्याशी इतक्या हळू आवाजात बोलायचा, की वहिनी म्हणायची, माझ्याशी कधी असं बोलले नाहीत. मोबाइल येण्याआधी गावातून निरोप यायचा तो एसटीच्या कंडक्टरबरोबर, नाहीतर कुणाच्या तरी घरच्या फोनवरून. दादा पोचेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असायचा. अडलेली गाय डोळ्यांदेखत गेली की तो घरी येऊन जेवायचा नाही, नुसता अंगणात बसून राहायचा. म्हणून रत्नागिरीत मोबाइल आले तेव्हा पहिल्या काही जणांत त्याने घेतला. त्या जाडजूड फोनचं त्याला केवढं कौतुक. आता उशीर व्हायचा नाही, असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

आणि खरोखर उशीर होईनासा झाला. पण त्याच्या गाडीत बसायची मला धास्ती वाटू लागली. रेंज यायची ती सड्यावर, उतार लागला की जायची. त्यामुळे सड्यावर फोन वाजला की तो गाडी न थांबवता, मान वाकडी करून, फोन खांद्याशी दाबून बोलायचा. एकदा एका लग्नाला आम्ही मालगुंडला निघालो होतो. वळणावळणाचा रस्ता, समोरून ट्रक येतोय, आणि हा फोनवर विचारतोय, गाय व्याल्यावर वार पडली का, शेण कसं आहे. वहिनीने पुढचा डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता. मी मागे डोळे मिटून बसले होते. उतरल्यावर तिने त्याला काहीतरी सुनावलं. तो हसून म्हणाला, एवढी वर्षं गाडी चालवतोय, रस्ता पाठ आहे मला. रस्ता त्याला पाठ होता हे खरंच होतं. रस्त्यावर कोण येईल ते मात्र पाठ करता येत नाही.

भाट्याच्या पुलावरून उतरल्यावर ते घडलं. सकाळची वेळ, फोनवर कुणीतरी घाबरलेला माणूस, आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन रस्ता ओलांडणारी सुगंधाबाई. दादाला ती दिसली तेव्हा ब्रेक दाबूनही उपयोग नव्हता. तिच्या मांडीचं हाड मोडलं. त्याने तिला स्वतः उचलून गाडीत घातलं, हॉस्पिटलात नेलं आणि तिथून मला फोन केला. मी गेले तेव्हा तो बाकावर बसला होता, शर्टाला मासळीचा वास, आणि पाण्याचा पेला मला त्याच्या तोंडाशी धरावा लागला. ओळखीच्या एका गृहस्थाने त्याला बाजूला घेऊन समजावलं, बाई मध्ये आली असं सांगा, फोनचं कुणाला माहीत नाही. दादा उठला आणि पोलिसांसमोर जाऊन म्हणाला, "मी फोनवर बोलत होतो. माझं लक्ष नव्हतं. तसंच लिहा." पुढे कोर्टातही तो तेच बोलला.

सुगंधाबाई बरी झाली, पण पाय थोडा आखूड राहिला. दादा तिच्याकडे जायचा. एकदा मीही बरोबर गेले होते. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चहा केला, आणि बोलता बोलता सहज म्हणाली, "गाडीचा आवाज आला ना डॉक्टर, की माजे पाय जाग्यावरच ऱ्हातात. पुढं बी नाय, मागं बी नाय." परत येताना पूल संपल्यावर दादाने गाडी कडेला घेतली आणि तो बराच वेळ खाडीकडे बघत बसला.

त्यानंतर चालत्या गाडीत त्याने फोन कधी उचलला नाही. वाजला की आधी जागा शोधायची, गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं, मग बोलायचं. गावोगावी त्याने सांगून ठेवलं, मी उचलला नाही तर थांबा, मी करतो. ऐकायला सोपं वाटतं. पण फोन वाजायला लागला की स्टिअरिंगवरचे त्याचे हात ताठ व्हायचे ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. तिकडे कुणाचं जनावर तडफडत असेल हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एकदा अरुंद घाटात फोन वाजला, थांबायला जागाच मिळेना, जागा मिळाली तिथे रेंज नव्हती, आणि फोन करणाऱ्या माणसाची दुभती म्हैस गेली. तो घरी येऊन दादाला वाटेल तसं बोलला. दादाने सगळं ऐकून घेतलं. तो गेल्यावर मी म्हटलं, एखाद्या वेळी उचलायला काय हरकत होती? तो म्हणाला, "त्याची म्हैस मला दिसते गो. पण सुगंधाबाई मला दिसली नव्हती."

वहिनीची काळजी मात्र संपली नाही, तिचं रूप बदललं. आधी तो फोन उचलतो म्हणून ती घाबरायची, आता उचलत नाही म्हणून. स्वयंपाक करता करता फोन लावायचा, तो नुसता वाजत राहायचा, आणि त्याचा उलटा फोन येईपर्यंत तिला काही सुचायचं नाही. तो यायचाच. इतकी वर्षं प्रत्येक वेळी आला.

तेराव्याला गोळपच्या पुढच्या एका वाडीतला शेतकरी आला. दादाला शेवटचा फोन त्याचाच होता. गाय अडली होती. दादाने गाडी थांबवून फोन केला, काय करायचं ते नीट सांगितलं, पण आवाज दम लागल्यासारखा येत होता. मी येतो, म्हणाला. हा वाट बघत राहिला. मग फोन केला, उचलला नाही, तेव्हा वाटलं, डॉक्टर निघाले, गाडीत आहेत. मलाही तसंच वाटलं होतं, वहिनीलाही. आम्ही सगळे त्याने सांगितल्याप्रमाणे थांबलो होतो. वासरू वाचलं, असं सांगताना त्या माणसाला रडू आवरेना.

लवकर कळलं असतं तर... हा प्रश्न मला सोडत नाही. डॉक्टर म्हणतात, फरक पडला नसता. त्यांचं ऐकावं असं वाटतं, पण तितका विश्वास बसत नाही. मग दुसरा विचार येतो. तो त्या दिवशी थांबला नसता, मान वाकडी करून बोलत पुढे भाट्याच्या उताराला लागला असता आणि तिथे छातीत कळ आली असती, तर ती गाडी कुणाच्या अंगावर गेली असती? शाळांच्या मधल्या सुट्टीची वेळ, मुलं रस्त्यावर असतात. वहिनीजवळ मी हे एकदाच बोलले. ती म्हणाली, तो विचार मी पहिल्याच दिवशी केला.

त्याचा फोन तिने बंद केलेला नाही. ओट्याच्या कोपऱ्यात चार्जिंगला लावलेला असतो आणि अजून वाजतो. लांबच्या गावांत बातमी पोचलेली नाही. ती प्रत्येकाला स्वतः सांगते. ते ऐकून पलीकडचे बहुतेक जण जनावराचं दुखणं तिलाच सांगायला लागतात. तीही ऐकून घेते, दुसऱ्या डॉक्टरांचं नाव सुचवते.

गेल्या रविवारी मी तिच्याकडे होते. ती पोळ्या करत होती. फोन वाजला, पीठ लागलेल्या हातानेच तिने उचलला. वाऱ्याचा आणि मोटारसायकलचा आवाज माझ्यापर्यंत ऐकू येत होता. माणूस मोठ्याने डॉक्टर आहेत का विचारत होता. वहिनीने गॅस बारीक केला.

"आधी गाडी बाजूला घ्या," ती म्हणाली. "मग सांगते."

आणि फोन कानाशी धरून, तिकडचं इंजिन बंद व्हायची वाट बघत ती उभी राहिली.