दादाची विशेषणांची वही

फोन आला तेव्हा फ्रिज दुरुस्त करणारा माणूस मागे उकिडवा बसून "मावशी, गॅस भरावा लागेल" असं सांगत होता. पलीकडून वहिनी म्हणाली, "शालू, हे गेले गं." मी दोघांनाही "बरं" म्हटलं. एकाच आवाजात. मग त्याला गॅस भरू दिला, पावती घेतली, ओट्यावरची पेज झाकली आणि टॅक्सी करून प्रभादेवीहून परळला हॉस्पिटलात गेले. वहिनी माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझ्या मनात होतं की फ्रिजची मागची पट्टी त्यानं नीट बसवली की नाही. तिथे जमलेल्या दादाच्या चाळीतल्या बायका कुजबुजल्या, "सख्खी बहीण, आणि डोळ्यांत टिपूस नाही." खोटं कशाला बोलू, नव्हतंच. आज सहा आठवडे झाले, अजूनही नाही... आत काहीतरी बधिर होऊन बसलंय, दात काढल्यावर गाल होतो तसं.

वसंतदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. नायगावच्या बीडीडी चाळीत आम्ही वाढलो, आणि मी लग्न होऊन गेले तरी तो त्याच खोलीत राहिला. वडील गिरणीत होते, दादा एका शाळेत कारकून. इंग्रजी त्यानं कुठून उचललं देव जाणे, पण चाळीतलं कोणीही पोर नोकरीच्या मुलाखतीला निघालं की आधी दादाकडे यायचं, चांगल्या वर्तणुकीचा दाखला लिहून घ्यायला. 'मी यास लहानपणापासून ओळखतो' एवढं इंग्रजीत लिहून पुढे तो त्या माणसाला एक विशेषण लावायचा. एकच. लोकांना वाटायचं, चार लावली तर काय बिघडतं? दादा म्हणायचा, "चार लावली की साहेबाला कळतं, ह्यातलं एकही खरं नाही." आणि हे एक विशेषण ठरवायला हा बाबा दोन-दोन दिवस घ्यायचा. त्या पोराला जिन्यात, नळावर, मॅच हरल्यावर बघत बसायचा. आई वैतागायची, "अरे, त्येका नोकरी व्हयी हा, पोरगी नाय बघूची!"

त्यासाठी त्याची एक वही होती, जाड पुठ्ठ्याची. एका पानावर एक इंग्रजी शब्द. खाली अर्थ, वापर आणि जवळचे शब्द. त्याखाली, तो शब्द ज्यांना दिला त्यांची नावं. अर्थ मात्र डिक्शनरीतले नव्हेत. 'पंक्चुअल' म्हणजे नळ जायच्या आधी उठणारा. 'पोलाइट' म्हणजे दार उघडं असलं तरी कडी वाजवणारा. 'डिलिजंट' म्हणजे कोणी बघत नसताना जिना शेवटच्या पायरीपर्यंत झाडणारा. आम्ही हसायचो. पण त्या पानांवरची पोरं आज कुठे कुठे मोठ्या पदावर आहेत, आणि आपलं विशेषण प्रत्येकाला पाठ आहे.

पेडणेकरांच्या गिरीशची गोष्ट तर चाळीत सगळ्यांना ठाऊक. त्याच्या नोकरीच्या जाहिरातीत 'रिलायबल' माणूस हवा असं छापलं होतं. तो कागद नाचवत आला, "वसंतदादा, हाच शब्द लिहा ना." दादानं वही चाळली आणि 'डिपेंडेबल' लिहून दिलं. गिरीश म्हणाला, "पण ते 'रिलायबल' म्हणतायत." दादा म्हणाला, "तो दिलेला आहे." "मग काय झालं? 'पंक्चुअल' तर तुम्ही आठ जणांना दिलंय!" "हा एकीला दिला, पुरे. डिपेंडेबल जवळचाच आहे, घेऊन जा." गिरीशला नोकरी लागली ती गोष्ट वेगळी. पण तो शब्द कोणाला दिला हे दादानं कधी सांगितलं नाही. वहिनीला, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मला मात्र त्यानं दाखलाच दिला नाही. एकविसाव्या वर्षी टेलिफोन ऑपरेटरच्या मुलाखतीला निघाले तेव्हा मी हट्टानं मागितला. तो म्हणाला, "घरच्याचा दाखला घरच्यानं द्यायचा नसतो गो." मी चिडून शाळेच्या बाईंकडून आणला. त्यात पाच विशेषणं होती, मी ती त्याच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवली. नोकरी मिळाली, पण अढी राहिलीच. पुढे कित्येक वर्षं भाऊबीजेला ओवाळताना मी टोमणा मारायचे, "अख्ख्या चाळीला वाटलंस, बहिणीपुरता तुझा शब्दसाठा संपला का रे?" तो फक्त हसायचा आणि ताटातली करंजी उचलायचा.

तो गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात त्यानं विचारलं, "उद्या कधी येतंस?" मी म्हटलं, "दहाला. पेज घेऊन येते." सकाळी पेज केली, आणि साडेनऊला फ्रिजवाल्याचा फोन, आज आलो नाही तर पुढच्या आठवड्यात. मी वहिनीला कळवलं, चारला येते म्हणून. साडेबाराला तो गेला. फ्रिजसाठी, माझे आई... एका फ्रिजसाठी! बाराव्याला वहिनीनं भांडी आवरता आवरता सांगितलं, "तू चारला येणार हे मी त्यांना बोललेच नाही गं. वाटलं, उगाच हिरमुसतील. तर दहापासून माझ्यामागे लागले होते, 'स्टुलार कोणाक बसाक देव नको, शालू येतली.' नर्सलासुद्धा बसू दिलं नाही." ती सहज बोलून गेली. मी ताट पुसत होते, पुसत राहिले.

गेल्या आठवड्यात खोली रिकामी करायची होती, चाळ पाडून टॉवर होणार आहे. वहिनी म्हणाली, दहाला ये. मी पावणेनऊलाच जाऊन बंद दाराशी पायरीवर बसले. सामान बांधताना तिनं वही माझ्या हातात दिली, "ही तू ने. मला इंग्रजी कुठे येतं?" मी तिथेच उभी राहून पानं उलटली. 'रिलायबल'चं पान होतं. अर्थ : येते म्हणाली की येणारी. वापर : माय सिस्टर शालिनी इज रिलायबल. जवळचे शब्द : डिपेंडेबल, ट्रस्टवर्दी. आणि पुढे कंसात, 'पण तेच नव्हेत.' खाली नावांच्या जागी एकच नाव, माझं. शाई जुनी, तपकिरी पडलेली. माझ्या मुलाखतीच्या वेळची असावी.

मी पर्समधून पेन काढलं. ते नाव खोडायचं होतं मला, दुसरं काही सुचत नव्हतं. वहिनीनं विचारलं, "काय लिहितेस?" "काही नाही," म्हटलं. पेनाचं टोपण परत लावलं.

वही आता स्वयंपाकघरात असते, फ्रिजवर. मी रोज सकाळी पेज करते, दहाला गॅस बंद करते आणि स्टूल ओढून बसते. फ्रिज छान चाललाय.