मग, पण आणि माझा सूड

सूड घेण्यासाठी अरबी शिकावी असं मी कुणाला सांगणार नाही, पण मला तिचा फार उपयोग झाला.

आमचा अरबीचा वर्ग सदाशिव पेठेत भरतो. मॅडमची उमेदीची वर्षं मस्कतमध्ये गेलेली. गुडघे बदलायला ओमानहून येणाऱ्या रुग्णांसाठी एका हॉस्पिटलला अरबीत सूचना लिहिणारं माणूस हवं होतं आणि मॅडम एकच नाव कळवणार होत्या. उमेदवार दोघे: मी आणि एक निवृत्त बँक अधिकारी, ज्यांना सगळा वर्ग साहेब म्हणे. घरात मला कुणी काही विचारेनासं झालं होतं. ते काम मला हवंच होतं.

मॅडमची पद्धत अशी की आपण लिहिलेला उतारा वाक्यावाक्याने कापायचा, कागदाच्या पट्ट्या पिसायच्या आणि शेजाऱ्याने त्या जुळवायच्या. माझ्या पट्ट्या साहेबांकडे गेल्या. त्यांनी त्या हव्या तशा मांडल्या आणि खणखणीत मराठीत अर्थ सांगितला. "झोपा. चाला. गोळी घ्या. जिना टाळा." मग उलट्या क्रमाने वाचल्या. काही बिघडलं नाही.

"अहो बाई, ह्या सूचना नव्हेत, दारावरच्या पाट्या आहेत. 'बेल एकदाच वाजवा' राहिलं का?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. मी दातओठ खात घरी आले.

मग कुकरच्या शिट्ट्यांवर वाक्यं जोडणारे शब्द घोकले. 'थुम्म' म्हणजे मग. 'लाकिन' म्हणजे पण. 'हत्ता' म्हणजे पर्यंत. जेवा, मग गोळी घ्या. चाला, पण टाके निघेपर्यंत जिना टाळा. शब्दागणिक साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा, की पाठ झालाच!

पुढच्या खेपेला माझ्या पट्ट्या साहेबांनी मुकाट्याने जुळवल्या. एकच क्रम बसत होता. त्यांच्या मात्र माझ्यापुढे आल्या आणि मला गुदगुल्याच झाल्या. विद्वत्ता दाखवायला साहेबांनी जोडणाऱ्या शब्दांचा सडा घातला होता. मी उभी राहिले, पदर खोचला आणि भरदार आवाजात अर्थ सांगितला.

"आपला गुडघा बदलला आहे, म्हणून भात खा. म्हणून पाय उचला. तरीसुद्धा डॉक्टरांना भेटा."

वर्ग हसून कोसळला.

"साहेब, पाय भातामुळे उचलायचा?"

"ती शैली आहे."

"अहो, रुग्णाला टाके पडलेत. शैली काय त्यावर बांधू?"

मॅडमनी माझं नाव कळवलं. साहेब हल्ली समोरच्या इमारतीत जपानी शिकतात. ते दिसले की मी मुद्दाम रस्ता ओलांडून जाते आणि फार आदराने विचारते, "काय साहेब, प्रकृती बरी ना? गुडघे वगैरे?"