आजोबांच्या पावलाची रुंदी

बाळांनो, आजोबांचा सुजलेला अंगठा तुम्ही फोनवर पाहिलात तो एका रविवारी. त्याआधी इथे काय चाललं होतं ते तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून ही तुमची आजी लिहितेय.

ताईने पहिल्या पगारातून आजोबांना बूट घ्यायचं ठरवलं आणि माप मागवलं. आजोबा खाटेवर बसले, टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टी लावली आणि आकडा कळवला. रुंदी कुणी मोजलीच नाही. हसनाबादच्या शेतात अनवाणी वाढलेलं आणि पुढे जन्मभर उघड्या चपलेत राहिलेलं ते पाऊल. पुढच्या बाजूला असं पसरलेलं की बोटं एकमेकांना टेकतही नाहीत. बूट आले ते लांबीला अगदी बरोबर, टोकाला मात्र निमुळते.

ते निळे बूट घालून आजोबा रोज सकाळी फिरायला जाऊ लागले. ओळखीचं कुणी भेटलं की पाय पुढे करून सांगायचे, "नातीनं धाडले." रविवारी तुम्ही म्हणायचात, "आजोबा, बूट दाखवा," आणि ते पाय उचलून फोनसमोर धरायचे. तुम्हाला फक्त बूट दिसायचा. त्यांचा चेहरा मला दिसत होता.

एका दुपारी ते ओट्यावर ब्लेड घेऊन बसलेले दिसले. उजव्या अंगठ्याची कड लाल, सुजलेली, आणि नखाचा कोपरा मांसात रुतलेला.

"काय करताय?"

"कोपरा काढून टाकतो. काय बी न्हाई झालं."

ब्लेड मी काढून घेतलं. ही त्यांची जुनी सवय. कोपरे खोलवर, गोल कापले की लवकर पुन्हा कापायला नको, असा त्यांचा हिशेब. पण तसं कापलं की कडेला एक बारीक अणकुचीदार टोक राहतं, आणि नख वाढताना ते मांसात शिरतं. त्यात अरुंद बूट मांसाला नखावर दाबत होता. दोन्ही कारणं एकाच अंगठ्यात भेटली होती.

"बूट चावतात ना?"

"पोरीला सांगू नको," ते म्हणाले. "तिच्या पहिल्या पगाराचे हायेत."

आजोबांना साखर नाही आणि अंगठ्यात पू नव्हता, म्हणूनच मी घरी उपचार करायचं ठरवलं. पू दिसला, लाली वर सरकू लागली किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर सरळ डॉक्टर, असं त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. रोज सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवून ठेवायचा, नंतर नीट कोरडा करायचा. नख मऊ झालं की मेडिकलमधल्या कापसाची बारीक वळी करून त्याच्या कडेखाली हलकेच सरकवायची, म्हणजे नख मांसावरून उचललेलं राहतं. वाती वळून माझे हात तयार आहेतच.

"आता अंगठ्याला ओवाळायचं तेवढं राह्यलं," आजोबा म्हणाले.

"हलू नका."

"हो बाई. शाळेत पोरांना शिकवताना बी अशाच होता का?"

रविवार आला तोवर लालीचा रंग गुलाबी झाला होता. तुमच्या फोनआधी त्यांनी बूट मागितले. मी ते समोर ठेवले. उजवा पाय बुटात गेला असता तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यांनी कापसाकडे पाहिलं, बुटाकडे पाहिलं आणि फक्त डावा बूट घातला.

तो दाखवून भागलं असतं. पण धाकटा म्हणालाच, "आजोबा, दुसरा?"

आजोबांनी डावा पाय खाली ठेवला. मग उजवा पाय उघडाच वर धरला.

"हे काय, आजोबा?" ताई जवळजवळ ओरडलीच.

"बूट लय चांगले हायेत. आमचंच पाऊल रुंद."

"चावत होते तर सांगायचं ना!"

"तू धाडल्ते ना. मंग चावले म्हणून काय झालं?"

तुमच्याकडचा फोन खाली ठेवला गेला. आम्हाला नुसतं छत दिसत होतं आणि नाक ओढल्याचा आवाज येत होता. आजोबा घाबरले. मला खुणेनेच विचारू लागले, रडते का? तेवढ्यात ताई परत आली. "आत्ताच्या आत्ता माप घ्या. उभं राहून, म्हणजे पाऊल पुरतं पसरेल. आणि रुंदीसुद्धा!"

मी वर्तमानपत्र पसरलं. आजोबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि मी खाली बसून पावलाभोवती पेन्सिल फिरवली. अंगठ्याशी हात फार जपून नेला, करंगळीशी त्यांना गुदगुल्या झाल्या आणि रेघ वाकडी गेली. तुम्ही दोघं तिकडे हसत होतात.

आता त्यांची नखं मी कापते, सरळ, कोपरे ठेवून. तुम्हीही तशीच कापा. दिवसभर बुटात असता. निळे बूट दाराजवळ आहेत. ते आता घालायचे नाहीत, हे आजोबांनी मान्य केलंय. दर रविवारी तुमचा फोन यायच्या आधी ते पुसून मात्र ठेवतात.